मंडपेश्वराच्या लेण्यातलं गाऱ्हाणं

बिल्डिंगच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीला बाबांनी परस्पर नाव दिलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सहल कसली, तर एका दिवसात तीन लेणी. रविवारी सकाळी वाकोल्याहून बस सुटणार, अंधेरीची महाकालीची लेणी, मग जोगेश्वरीची गुंफा आणि शेवटी बोरिवलीचं मंडपेश्वर. बरोबर माहिती सांगायला गाइड. घरात आई खाटेवर पडलेली, तिच्या नाकात नळी, आणि ह्यांना लेणी बघायची होती!

"बाबा, आयुष्यात कधी एक तरी लेणं बघितलंत?" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं. त्यांच्याशी बोलायचं तर असंच, ओठ दिसतील असं उभं राहून.

"नाय बघलंय म्हणानच," बाबा म्हणाले. "आणि तुझाय नाव दिलंय."

मी पुष्कळ आदळआपट केली. बाबांनी एकच धरून ठेवलं होतं, तू येतलंस तरच मी जातलंय. हा माणूस दोन वर्षं, हॉस्पिटल सोडलं तर, आईच्या खाटेपासून खालच्या दूधवाल्यापलीकडे गेला नव्हता. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, माणसाला एक दिवस मोकळा श्वास तर घेऊ दे. पण रागही होताच. कारण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्हाला डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं.

आईला दुसरा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. राहिले ते डोळे, कान आणि डावा हात. पेज आणि मिक्सरमधून काढलेली डाळ नाकातल्या नळीतून जायची. तो डावा हात सारखा नळीकडे जायचा आणि हिसका देऊन नळी बाहेर काढायचा. मग परत नर्सिंगच्या ब्रदरला बोलवा, परत नळी घाला. नळी घालताना आईच्या घशातून जे आवाज यायचे ते ऐकून शेजारचे टीव्ही मोठा करायचे. शेवटी तिच्याच एका जुन्या सुती साडीची पट्टी फाडून आम्ही तिचा हात खाटेच्या दांडीला बांधायला लागलो. गाठ बाबा मारायचे. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, सुताच्या गाठी मारून आयुष्य गेलेलं, त्यांची गाठ सुटत नसे आणि काचतही नसे.

तरी नाक आतून चिघळलं, दोनदा पेज फुप्फुसात गेली, दोनदा हॉस्पिटल झालं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पोटाला भोक पाडून नळी थेट आत घालू, म्हणजे नाकाचा त्रास संपेल, आणि नीट निगा राखली तर असे पेशंट वर्षानुवर्षं जगतात. हे त्यांनी अगदी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. माझी आई आहे, भोक तर भोक. पण बाबांचीही सही लागणार होती आणि बाबांनी फॉर्म परत डॉक्टरांकडे सरकवला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सोमवारी सांगा.

त्यानंतर घरात बाबा त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. आता ते का, हे सांगायला हवं. बाबा मिलमध्ये साच्यावर होते. शेकडो साचे एकाच वेळी धडधडणाऱ्या त्या खात्यात ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यातल्या बहुतेकांचे कान गेले. बाबांचेही गेले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे बाबांना कुजबुजता येत नाही. त्यांनी "मीठ दी" म्हटलं तरी तिसऱ्या मजल्यावर कळतं. आणि आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक किचन. खोलीत आईची खाट. आईचे कान शाबूत.

एकदा शेजारची एक बाई आईला बघायला आली. खाटेजवळच उभी राहून म्हणाली, "बिचारी, सुटली तर बरं होईल ना." मी आईकडे पाहिलं, तर तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलेलं. मी त्या बाईला दाराबाहेर काढलं आणि जिन्यात उभं करून जे काही सुनावलं ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. त्या दिवसापासून मी घरात नियमच केला. आईसमोर मरणाबिरणाची गोष्ट काढायची नाही, कुणीही नाही. बाबांनाही ओठ दाखवून ठणकावलं होतं. बाबांनी तो नियम पाळला.

*

रविवारी सकाळी मावशी आल्या. आईला दिवसभर सांभाळणाऱ्या या बाई मूळच्या उत्तरेकडच्या. मराठी जेमतेम समजायचं, मालवणीचा तर गंधही नव्हता, पण हात मायेचा. बाबांचा फोन मी त्यांच्या हाताशी ठेवला. बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे तो फोन घरीच असतो आणि मावशी त्यावरूनच मला व्हिडिओ कॉल करून आई दाखवतात. सहलीच्या ग्रुपवरही बाबांनी तोच नंबर दिला होता.

निघताना मी बाबांची पिशवी उचलली तर ती जड लागली. आत पाण्याची बाटली, मफलर आणि एक असोला, न सोललेला नारळ.

"सहलीला नारळ कशाला?"

बाबांनी मी काय बोलले ते दिसलंच नाही असं केलं आणि पिशवी काढून घेतली.

बसमध्ये म्हाताऱ्यांचा उत्साह ओसंडून चालला होता. शाळेच्या पोरांसारखे खिडकीसाठी भांडत होते. अर्धे लोक आमच्या जुन्या चाळीतलेच, ती चाळ पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा सगळे एकत्रच वर चढले. जो तो बाबांच्या खांद्यावर थाप मारून जायचा, "बरं केलंत, बाहेर पडलात." सेक्रेटरीबाई मला म्हणाल्या, "तुलाही गरज होती गं, बघ तोंड कसं उतरलंय." मी हसून दाखवलं. माझं तोंड तर त्या वेळी काय बोलेल याचीच मला भीती होती. गाइड तिशीतला मुलगा, कमरेला छोटा स्पीकर, गालाला माइक. त्याच्या त्या आवाजाने डोकं उठलं आणि मी ठरवलं, कान बंद ठेवून दिवस काढायचा.

महाकालीच्या लेण्यांत मी सगळा वेळ मावशींना फोन करण्यात घालवला. सकाळची पेज झाली, औषध झालं, हात बांधलेला आहे. बाबा स्तूपाभोवती एक चक्कर मारून पायरीवर बसून राहिले.

जोगेश्वरीला गुंफेच्या अगदी अंगावर वस्ती आलेली आहे. घरांच्या मधून पायऱ्या उतरत गेलो तर आत काळोख आणि गारवा, छतातून ठिबकणारं पाणी, खांब झिजून झिजून वाकडे झालेले. मधोमध देवीचं ठाणं, तिथे मात्र दिवा, हळदकुंकू, फुलं, बायकांची ओटी भरायची लगबग. गाइड सांगत होता की दगड तोच, देवळाची पडझड झाली, पण पूजा चालू राहिली. आमच्यातल्या बायकांनी गर्दी केली. मी बाबांचा हात धरून उभी होते. मला वाटलं, नारळ हिच्यासाठीच असणार. मी पिशवीकडे बोट दाखवलं.

"हयसर नको," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने की दोन बायकांनी वळून पाहिलं. "ती बायमाणूस. तिच्याकडे ओटी भरतत. ह्या तिच्याकडे मागूचा न्हय."

"काय मागायचंय तुम्हाला?"

त्यांनी देवीला हात जोडले आणि पायऱ्या चढायला सुरुवात केली. मला वाटलं, आईसाठी नवस असेल. बरी होऊ दे, ऑपरेशन नीट पार पडू दे, असलं काही. तेव्हा कुठे माझा राग जरा निवळला. म्हातारा बायकोसाठी नारळ घेऊन लेण्यालेण्यांतून देव शोधत फिरतोय, आणि मी सकाळपासून त्याच्यावर डाफरतेय. पुरीभाजीच्या पाकिटातली माझी श्रीखंडाची वाटी मी बाबांना दिली.

*

मंडपेश्वराला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पुढे मोठं मैदान, मागे टेकाडात कोरलेलं लेणं आणि त्याच्या डोक्यावर जुन्या चर्चच्या पडक्या भिंती. मैदानात लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं. गाइडने आम्हाला खांबांपाशी गोळा केलं. एकेकाळी इथे शिवाचं देऊळ, मग चर्च, मग काहीच नाही, मग लोकांनी संसार मांडले, मग सरकारी पाटी, असा सगळा इतिहास त्याने भराभर सांगितला. डावीकडच्या दालनात नाचणारा शिव आहे. नाचणारा म्हणजे काय, कमरेच्या वरचं वळण तेवढं शिल्लक आहे. हात कोपरापासून तुटलेले, पाय नाहीत, बाजूच्या देवगणांची तोंडं घासून सपाट झालेली. ते बघून मला कसंतरी झालं. घरी जे रोज बघते तेच इथे तिकीट काढून बघायला आल्यासारखं वाटलं, आणि मी नजर फिरवली.

मधल्या गाभाऱ्यात मात्र एक पिंडी आहे, वर कुणीतरी वाहिलेलं बेलाचं पान सुकून पडलेलं. गाइड म्हणाला, "इथे आवाज कसा घुमतो बघा. कुणाला काही म्हणायचंय? श्लोक, आरती, काहीही चालेल." कुणी ओंकार लावला. कुणी शिट्टी मारली, त्यावर हशा झाला. आणि बाबा पुढे झाले. चपला त्यांनी कधीच काढून ठेवल्या होत्या.

"अरे, गाऱ्हाणं! गाऱ्हाणं होऊ दे!" चाळीतले एक काका ओरडले. "झकास! आता ऐका, आमच्या चाळीचा खरा माणूस आहे हा!"

गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गावात काहीही कार्य असो, एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात देवाला साकडं घालतो. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याचं मागणं ते एकट्यापाशीच राहतं. होकार झाला की नारळ फोडायचा. चाळीत गणपतीला आणि शिमग्याला हा मान बाबांचा असायचा. आणि मागे बायकांच्या घोळक्यातून येणाऱ्या होकारात सगळ्यांत वरचा आवाज माझ्या आईचा. आम्हा पोरांना लाज वाटायची, एवढं कशाला ओरडते म्हणून. ती म्हणायची, "त्येंका ऐकाक नको? होकार ऐकाक इलो नाय तर तो माणूस थयसरच उभो ऱ्हवतलो."

मी सुद्धा खूश झाले. दोन वर्षांनी बाबांचा तो आवाज ऐकायला मिळणार होता. चारपाच फोन वर झाले. गाइडनेही आपला फोन उभा धरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं लेणं दणाणलं.

"आज ही तुझी लेकरां वाकोल्यासून तुझ्या पायाकडे इली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या ह्या घराची पडझड झाली. हात मोडले, पाय मोडले. तरी तू जागो सोडूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या गुडघ्यांका बळ दी, पोराबाळांक कामधंदो दी, आणि आमची लिफ्ट सारखी बंद पडता ती चालू ऱ्हवां दी!"

हसण्याचा फवारा उडाला आणि त्यातूनच "व्हय म्हाराजा!" असा मोठा होकार आला. सेक्रेटरीबाईंनी डोळे पुसले हसून हसून.

"बा म्हाराजा, माझी घरकारीण आज हय येवक नाय. दोन वर्सां खाटेर पडली हा. बोलाक येणा नाय, घास गिळूक येणा नाय."

"व्हय म्हाराजा!" लय बसली होती, तोंडं आपोआप उघडत होती.

"तिचो एक हात चलता, तो मी माझ्या हातान बांधून घातलंय."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज अर्ध्यावर आला.

"तिका आता मोकळी कर. तुझ्याकडे ने."

चारदोन जणांनी सवयीने होकार दिलाच. तोंडातून निघून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आणि एकीने पटकन तोंडावर हात ठेवला. बाबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते पिंडीकडे बघत होते.

"उद्या तिच्या पोटाक भोक पाडूचा म्हणतत. ता होवां नको. आणि ह्या माझ्या चेडवाक तिका सोडूक बळ दी."

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी. कुणीही होकार दिला नाही. बाबा थांबले. होकार आला की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तळहात कानामागे धरला. मग ते वळले. सगळ्यांच्या तोंडांवरून त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि माझ्या ओठांवर थांबली.

तेव्हा मला कळलं, मला का आणलं होतं ते.

"गप्प बसा!" मी किंचाळले. "गप्प बसा तुम्ही!" माझा आवाज त्या भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर आला. बाबा तसेच उभे, कानामागे हात. मी लोकांना ढकलत बाहेर मैदानात आले. ते फोटोवालं जोडपं माझ्याकडे बघत होतं. मनात आलं, त्यांना जाऊन सांगावं की हसा, भरपूर हसून घ्या आताच.

*

परतीच्या बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. बाबा माझ्या शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ तसाच. हायवेला मालाडच्या आसपास गाडी अडकली तेव्हा मला राहवेना.

"तुम्ही आईचं मरण मागितलंत? सगळ्या दुनियेसमोर? लाज नाही वाटली?"

"मग खंय मागू?" बाबा म्हणाले. त्यांच्या परीने ते हळूच बोलले असतील, पण पार पुढे ड्रायव्हरपर्यंत ऐकू गेलं. "घरात मागू? माका हळू बोलाक येणा नाय. ती ऐकतली."

"मला बाहेर नेऊन सांगायचं होतंत. फक्त मला."

"तुका सांगतलंय तर तू भांडतलंस. देवासमोर तू भांडूचंस नाय असा वाटला." ते जरा थांबले. "आणि व्हय म्हणाक घरचा माणूस लागता गो. आमच्याकडे दुसरा कोण आसा?"

"मी नाही म्हणणार. कधीच नाही म्हणणार. उद्या मी सही करणार आहे आणि तुम्हीही करायची."

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की गाडीच्या धक्क्याने हलली, ते मला कळलं नाही. पुढच्या सीटवरच्या सेक्रेटरीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी रडले, आणि रडताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा, की बाबा मला थोपटत होते.

*

घरी पोचलो तर मावशी दारातच उभ्या, चेहरा फुललेला.

"दीदी, आज आजीने आवाज किया!"

मला आधी समजलंच नाही. दोन वर्षांत आईच्या तोंडून नळीच्या वेळच्या त्या घुसमटीशिवाय काही निघालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसांना स्वतःचं बोलणं जमत नाही, पण कधीकधी पाठ असलेलं काहीतरी आपोआप बाहेर येतं. म्हणून आम्ही आरत्या लावून पाहिल्या, रामरक्षा लावून पाहिली. काही नाही.

"वो नानाजीका भजन आया ना ग्रुपपे," मावशी म्हणाल्या. "मैंने आजीको सुनाया. सब लोग बोलते है ना, उसके साथ आजी भी बोली. मैंने दो बार लगाया."

मी बाबांच्या फोनवर ग्रुप उघडला. गाइडने दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ बसमध्ये बसल्या बसल्या एकगठ्ठा सहलीच्या ग्रुपवर टाकले होते. काय आहे, काय नाही, बघितलंच नसणार त्याने. आणि मावशींना ते भजन वाटलं. ज्या कानांसाठी मी घरात नियम केला होता, ज्या कानांसाठी बाबा बोरिवलीपर्यंत गेले होते, त्या कानांनी ते सगळं ऐकलं होतं. दोन वेळा.

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. डोळ्यात पाणी नव्हतं.

मावशींना काही कळेना, आपलं काय चुकलं. त्यांना मी घरी पाठवलं. बाबा अजून दारातच, एक चप्पल पायात. मी फोन घेतला आणि आईच्या उशीजवळ बसले. वाट लागायची ती लागलीच होती. मला ऐकायचं होतं, तिने नक्की काय आवाज काढला ते. मी व्हिडिओ लावला.

बा देवा म्हाराजा. लेणं दणाणलं, आणि खाटेवरून घशात दगड अडकल्यासारखा एक आवाज आला. "व्ह... म्हा..." मला वाटलं, भास झाला. लेकरां पायाकडे इली हत. परत आला. लिफ्टच्या वाक्याला सगळे हसले तेव्हा आईच्या डाव्या गालावर सुरकुती पडली, मग परत तो आवाज. मी स्वतःला बजावत होते, ही सवय आहे. चाळीत आयुष्यभर म्हटलंय तिने, पाठ आहे ते, अर्थबिर्थ काही नाही त्याला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

तिका आता मोकळी कर. तुझ्याकडे ने.

व्हिडिओत चारदोन आवाज आले. आईचा आला.

मग चेडवाचं वाक्य आलं आणि व्हिडिओतली ती शांतता सुरू झाली. आता बरोबर म्हणायला कुणी नव्हतं. लयीत ओढून न्यायला कुणाचा आवाज नव्हता. स्क्रीनवर बाबा कानामागे हात धरून उभे होते. आणि आईने मान उशीवर जेवढी वळते तेवढी माझ्याकडे वळवली आणि एकटीने म्हटलं. तुटकं, फाटकं, पण मोठ्याने. अगदी ती पूर्वी म्हणायची तसं, त्यांना ऐकू जावं असं.

पाठोपाठ व्हिडिओत मी किंचाळले, गप्प बसा. मी फोन बंद केला.

ती समजून म्हणाली की सवयीने, हे मला आजही सांगता येत नाही. आई जाऊन आता वर्ष होईल. अजून रात्री भांडी घासताना मी हाच प्रश्न उलटासुलटा करते, आणि उत्तर मिळत नाही. तेव्हा मी एवढंच केलं की दांडीची गाठ सोडली. बाबांची गाठ, सोडायला वेळ लागला. हात मोकळा झाल्याबरोबर नेहमीसारखा नाकाकडे गेला. नेहमी मी तो वाटेतच पकडत असे. या वेळी नाही पकडला. आईने नळी बोटांत धरली. ओढली नाही. धरून ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मघाशी लेण्यात बाबा बघत होते तशी.

बाबा खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आईचा आवाज इतक्या दिवसांनी आला आणि तोही त्यांना ऐकू गेला नाही. त्यांना नुसती आम्हा दोघींची तोंडं दिसत होती.

म्हणून मी मान वर केली, त्यांना दिसेल असं तोंड उघडलं आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाबांना ते दिसलं. मग पिशवीतून नारळ काढून ते किचनमध्ये गेले, सोलला आणि मोरीच्या कट्ट्यावर फोडला. पाणी वाटीत धरून आणलं आणि त्यात बोट बुडवून आईच्या ओठांवरून फिरवलं. आईने जीभ बाहेर काढली आणि ते चाखलं.